दादाचं बोट आणि सातवी पोझिशन

इथले गूढ अनुभव मी दोनेक वर्षं वाचतेय. कधी प्रतिक्रिया दिली नाही. दिली असती तर भांडणच झालं असतं, कारण प्रत्येक अनुभव वाचताना माझ्या मनात एकच यायचं – ह्यांनी पुन्हा करून बघितलं का? एकदा झालं ते झालं, पण दुसऱ्यांदा तसंच होतं का? माणूस बदलल्यावर होतं का? ते कुणी बघत नाही. घाबरतात, देवाचं नाव घेतात आणि इथे येऊन लिहितात. आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा हसायचं तर खुशाल हसा. फरक एवढाच की मी पुन्हा करून बघितलंय.

मी सुजाता. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एखादं नवं गेज, म्हणजे मोजायचं साधन, लाइनवर द्यायच्या आधी माझ्याकडे येतं. मी तीन ऑपरेटर घेते, दहा पार्ट घेते, आणि प्रत्येकाला प्रत्येक पार्ट तीन-तीनदा मोजायला लावते, आधीचा आकडा न दाखवता. पार्ट बदलल्यावर आकडा बदलला तर ठीक. पण त्याच पार्टचा आकडा माणूस बदलल्यावर बदलत असेल तर गेज नापास. आम्ही याला आर अँड आर म्हणतो. बारा वर्षं हेच करतेय, आणि स्वभावही तसाच झालाय. घरातून निघताना गॅस बंद आहे का हे मी तीनदा बघते. नवरा म्हणतो, चौथ्यांदा मी बघतो, तू हो पुढे.

माझा मोठा भाऊ विलास, आमचा दादा, थेरगावला डांगे चौकापासून पाच मिनिटांवर राहतो. घरच्या हॉलमध्येच बुद्धिबळाचे क्लास घ्यायचा. क्लास हा पोटापाण्याचा उद्योग. खरं वेड निराळंच होतं. बुद्धिबळ खेळणारं जे सॉफ्टवेअर असतं – इंजिन म्हणतात त्याला – ते कुठल्या कॉम्प्युटरवर किती जोरात पळतं, हे तो मोजत बसायचा. प्रोसेसर बदल, रॅम बदल, कूलर उलटा लाव, केसचं झाकण काढून बघ... आणि मग बेंचमार्क. बायका भिशीला जातात तशी मी दर रविवारी दुपारी त्याच्याकडे आकडे लिहायला जायचे. माझ्याशिवाय कुणाच्या नोंदीवर त्याचा भरवसा नव्हता.

बेंचमार्क म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिनाला दहा ठरलेल्या पोझिशन द्यायच्या. प्रत्येकीचा ठरावीक खोलीपर्यंत, म्हणजे ठरलेल्या इतक्या चाली पुढचा, विचार करून ते एक चाल सुचवतं. शेवटी दोन आकडे येतात. एक, किती वेळ लागला. दुसरा, विचार करताना एकूण किती शक्यता तपासल्या. वेळ मशीनप्रमाणे बदलतो, त्याचसाठी तर सगळा खटाटोप. पण प्रोसेसरचा एकच धागा, म्हणजे थ्रेड, वापरला आणि इंजिनाची आवृत्ती तीच असली, तर दुसरा आकडा बदलत नाही. जुनाट लॅपटॉप असो की दादाचं सोळा कोअरचं धूड, तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत. दादा म्हणायचा, ‘वेळ म्हणजे मशीनची ताकद, आणि हा आकडा म्हणजे त्याचा खरेपणा.’ आकडा चुकला तर मशीन बिघडलंय, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दहांपैकी सातवी पोझिशन दादाच्या स्वतःच्या डावातली होती. तरुणपणी संत तुकाराम नगरच्या एका हॉलमध्ये स्पर्धा झाली होती, तिथे शेवटच्या फेरीत जिंकत आलेला डाव त्याने घालवला. राजासमोरचं कडेचं प्यादं उगाच दोन घरं पुढे ढकललं, आणि संपलं. ही त्याची खोडच होती. हात शिवशिवला की कडेचं प्यादं. ती पोझिशन त्याने मुद्दाम यादीत घातली होती. दर रविवारी इंजिन तिथे घोड्याची चाल सुचवायचं, आणि दादा मान हलवून म्हणायचा, ‘बरोबर आहे बाबा, चुकलंच माझं.’

गेल्या वर्षी मार्चमध्ये दादाला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला, घरी आणलं. पण घरी आणलेला माणूस नुसता पडून असायचा. डोळे उघडे, नजर कुठेतरी भिंतीच्या वर. ताथवड्याच्या रस्त्यावर एक सेंटर आहे, तिथल्या स्पीच थेरपीच्या मॅडम घरी यायच्या. ‘हो असेल तर माझा हात दाबा’ म्हणायच्या. कधी दाबायचा, कधी नाही. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, यांना किती समजतंय हे मला सांगता येत नाही.

चार महिने असेच गेले. शोभावहिनीने पॅकिंगची नोकरी सोडली होती. दिवसातून सहा वेळा एवढ्या मोठ्या माणसाला एकटीने कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं. जुलैमधल्या एका रविवारी मी गेले तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

‘ताई, रागावू नका,’ ती म्हणाली. ‘मी भावाला गाडी घेऊन यायला सांगितलंय. पुढल्या रविवारी यायलाय. उदगीरला आई हाय, दोन भावजया हायत. हितं मी एकटी कुठवर उचलू त्यांना?’

मी म्हटलं, ‘आणि थेरपी? गावात कोण करणार?’

‘चार महिने झाले की. एक शब्द तरी आला का?’ तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ‘त्यांना समजायलंय असं कुणी मला छातीवर हात ठेवून सांगावं, मी दहा वर्षं करते ताई. पण हे उशीला बोलल्यावानी झालंय. मी दिवसभर उशीला बोलायले.’

मला तिचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली. मी आठवड्यातून एकदा येऊन आकडे लिहिणारी. आठवडाभर तीच तर होती. पण गावी नेलं की थेरपी संपली, आणि दादा बाजेवर कायमचा आडवा झाला, हेही दिसत होतं. मला एका जागी बसवेना. हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, पडदे सारखे केले, आणि काहीच सुचेना म्हणून दादाचा कॉम्प्युटर चालू केला. मॅडमनी सांगितलंच होतं, त्यांच्या ओळखीच्या गोष्टी जवळ असू द्या.

दादाला व्हीलचेअरवर बसवून टेबलाशी आणलं. नेहमीसारखा बेंचमार्क लावला. आकडा आला, वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. ‘दादा, बरोबर आहे बघ,’ म्हटलं. नजर वरच. मग काय वाटलं कुणास ठाऊक, कमांड टाइप केली, त्याचा डावा हात उचलला आणि त्याचं बोट एंटरवर ठेवून दाबलं.

आकडा वेगळा आला.

मला वाटलं टाइप करताना विचाराची खोली चुकली. पुन्हा मी स्वतः एंटर मारलं – बरोबर. पुन्हा त्याचं बोट – चूक. आणि चूक म्हणजे काहीही नव्हे, मघाचाच चुकीचा आकडा, शेवटच्या अंकापर्यंत तोच. बिघडलेलं मशीन मी ओळखते. ते दरवेळी नवं काहीतरी बरळतं. दरवेळी तेच चुकणं हा बिघाड वाटत नाही. मी पेनाच्या टोपणाने एंटर दाबून बघितलं, कोपराने दाबून बघितलं, वहिनीला हाक मारून तिला दाबायला लावलं. सगळीकडे बरोबर. फक्त दादाचं बोट लागलं की तो दुसरा आकडा. वहिनी माझ्याकडे काळजीने बघत होती की आता हिला काय झालं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर मी सोपानभाऊंना गाठलं. सोपानभाऊ थेरगावचे जुने रहिवासी, चौकाजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दादाचे पंचवीस वर्षांचे पटावरचे दोस्त. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘रॅम गेली आसंल ताई,’ ते म्हणाले. ‘नाय तर अर्थिंग. विलासरावांच्या खुर्चीला लोखंड हाय. दुसरं काय न्हाई.’

मला हायसं वाटलं. मी तेच ऐकायला गेले होते. मंगळवारी त्यांनी रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, मशीन दुकानात नेऊन दिवसभर मेमरी टेस्ट लावली. एकही चूक नाही. बुधवारी संध्याकाळी ते तेच इंजिन घातलेला स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले. नुसत्या बॅटरीवर चालवला, वायरच नाही. दादाला व्हीलचेअरवरून उचलून लाकडी खुर्चीत बसवलं. सोपानभाऊंनी एंटर दाबलं, बरोबर आकडा. मग दादाचं बोट. तोच दुसरा आकडा आला... वेगळ्या मशीनवर, वेगळ्या कीबोर्डवर. सोपानभाऊंनी उठून कीबोर्ड उगाच फडक्याने पुसला.

गुरुवार-शुक्रवार मी कामावर होते एवढंच. एक गेज चुकून दोनदा पास केलं. तेरा तारखेच्या ऐवजी तीस लिहिली. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बस उभी, आणि मी मनात ते शेवटचे अंक घोकतेय. रविवारी गाडी येणार होती, आणि वहिनीचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं – छातीवर हात ठेवून सांगावं. मला छातीवर हात ठेवून काही सांगायची सवय नाही. मला सही करायची सवय आहे, आणि सहीच्या आधी आर अँड आर लागतो.

शनिवारी सुट्टी टाकली. रीतसर घेतला. ऑपरेटर तीन: मी, वहिनी, दादा. पार्ट म्हणजे दहा पोझिशन. प्रत्येकाचे तीन, असे नऊ बेंचमार्क. चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि वहिनीला काढायला लावल्या, म्हणजे क्रम माझ्या हातात नको. कमांड आधीच टाइप करून ठेवायची, ऑपरेटरने फक्त एंटर दाबायचं. माझी पाळी सोडली तर मी स्वयंपाकघरात, दार लावून. दादाचा हात वहिनी उचलणार. सोपानभाऊ स्क्रीनकडे बसून प्रत्येक पोझिशनचा आकडा आणि चाल लिहिणार, आणि तोंडातून अक्षर काढणार नाहीत.

‘ताई, ह्याच्यातनं काय निघायचं?’ वहिनीने विचारलं. डबा हातात होता, डोळे सुजलेले होते. आत अर्ध्या बॅगा भरून ठेवल्या होत्या.

‘मला नाही माहीत,’ मी म्हटलं. ‘निघालं तर सांगते. नाही निघालं तरी सांगते.’

दीड तास लागला. मी ओट्यावरचे डबे उतरवले, पुसले, पुन्हा लावले. बाहेरून फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि मधेच कॉम्प्युटरचा पंखा वाढायचा. शेवटी सोपानभाऊंनी हाक मारली.

कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. सातवी सोडून बाकी नऊ पोझिशनचे आकडे तिघांचे सारखे. सातवीचा माझा आणि वहिनीचा सारखा, वहीतलाच. दादाचा तिन्ही वेळा वेगळा, आणि तिन्ही वेळा एकच. शेजारी चाल लिहिली होती. आम्हा दोघींच्या वेळी घोड्याची. दादाच्या वेळी – कडेचं प्यादं, दोन घरं पुढे.

जगज्जेत्यालाही हरवणारं सॉफ्टवेअर ती चाल कधी सुचवत नाही. ती चाल जगात एकच माणूस खेळतो. मी आधी हसले, मग रडायला लागले. दादा तसाच बसला होता, नजर भिंतीच्या वर, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. मी ओढणीने ती पुसली.

‘ताई, ह्ये आपल्या समजंच्या पल्याडचं हाय,’ सोपानभाऊ एवढंच म्हणाले. पोहे केले होते, ते न खाताच गेले. नंतर पंधरा दिवस फिरकले नाहीत.

मी वहिनीला आकडे समजावू लागले. तिने माझा हात धरून मला थांबवलं.

‘मला ह्यातलं कळत नाही. ते आत हायत का नाहीत, एवढंच सांगा.’

माझ्या लॅबमध्ये असला कागद आला असता तर मी तो परत पाठवला असता. आकडा माणसामुळे बदलतोय, कारण सापडत नाही, नापास. पण मी म्हटलं, ‘आहे वहिनी. दादा आत आहे.’ छातीवर हात ठेवून म्हटलं.

तिने लगेच फोन लावला आणि भावाला येऊ नको म्हणून सांगितलं. मग बॅगा रिकाम्या करायला घेतल्या. मी मदत करायला गेले तर म्हणाली, राहू द्या, मी करते.

थेरपी चालू राहिली. वहिनी आता दादाशी निराळं बोलायची, भांडायचीसुद्धा. पाच-सहा आठवडे झाले असतील. एका सकाळी चमच्याने चहा पाजताना दादाने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, ‘साखर.’ वहिनीने मला लगेच फोन केला. मी शिफ्ट सोडून आले. त्या दिवशी दोन शब्द, आठवड्यात सहा, आणि मग हळूहळू तुटक वाक्यं.

पहिल्या शब्दानंतरच्या रविवारी मी बेंचमार्क लावला. दादाचं बोट एंटरवर ठेवलं. आकडा बरोबर आला. पुन्हा लावला, बरोबर. सोपानभाऊंच्या लॅपटॉपवर, बरोबर. त्यानंतर आजपर्यंत तो दुसरा आकडा एकदाही आलेला नाही. कितीदा लावला असेल ते विचारू नका, नवरा विचारतो तेवढं पुरे.

दिवाळीनंतर दादा बऱ्यापैकी बोलू लागल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. वहीसुद्धा दाखवली. त्याने डाव्या हाताने पानं उलटली, मास्तर पेपर तपासतो तशी. त्याला काहीच आठवत नव्हतं. झटक्याच्या सकाळपासून त्या अगोड चहापर्यंत कोरं. ना मी आठवत होते, ना वहिनी, ना मॅडम. मी सातवी पोझिशन पटावर मांडून विचारलं, काय खेळशील? त्याने घोडा उचलला. ‘प्यादं... कशाला ढकलू? त्यानेच तर... हरलो.’

म्हणजे मी वहिनीला शपथेवर सांगितलं की दादा आत आहे, आणि दादा म्हणतो मला त्यातलं काही माहीत नाही. मग ते प्यादं कोण ढकलत होतं? एका इंजिनिअर मैत्रिणीला कागद दाखवला, तिने तीन तर्क दिले, तिन्ही मी आधीच करून बघितले होते. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, फक्त रॅम आणि अर्थिंग सोडून.

पण मी हे लिहिलं ते त्यासाठी नाही. त्या दिवशी दादाने वही मिटली. वहिनी दारात मेथी निवडत होती. मग तो माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला, ‘सुजे, आकडा... बदललाच नसता... तर? शोभाला... काय सांगितलं असतंस?’

वहिनीचा हात थांबला. मी चहा ठेवते म्हणून आत गेले. नंतर तो विषय त्याने काढला नाही, वहिनीनेही नाही. मी अजूनही दर रविवारी जाते, आणि जिना चढताना दरवेळी वाटतं, आज पुन्हा विचारेल.

मी खोटं बोलत नाही, हे त्या दोघांनाही माहीत आहे. नऊच्या नऊ बेंचमार्कचे आकडे जुळले असते तर मी कागदावर सही केली असती, वहिनीला ‘नाही’ म्हटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत दादाच्या मानेखाली उशी मीच नीट लावून दिली असती.